हलकं हेड निवडताना काय सोडायचं

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती 1987पासून चालू आहे. भिगवणचा उजनीचा फुगवटा, नांदूर मधमेश्वर, जायकवाडी, ठाण्याची खाडी अशा ठिकाणी काठावर उभं राहून समोरच्या पाण्यातले आणि चिखलातले पक्षी मोजायचे असतात. रोहित किंवा शेकाट्या साध्या दुर्बिणीतूनही ओळखू येतात. पण 500 मीटरवर चिखलात पळणाऱ्या भुरक्या पक्ष्यांमधले चिखल्या कोणते आणि तुतवार कोणते, त्यातल्या कुणाच्या पायात कडं आहे का, हे पाहायचं तर स्पॉटिंग स्कोप लागतो. स्कोप म्हटला की ट्रायपॉड आला, आणि दोघांच्या मधे ज्याच्यावर स्कोप फिरतो ते हेड आलं.

स्कोपची भिंगं निवडायला लोक वर्षभर अभ्यास करतात, ट्रायपॉड मित्राला विचारून घेतात आणि हेड मात्र ट्रायपॉडबरोबर जे येतं तेच ठेवतात. ते बहुधा फोटोग्राफीसाठी बनवलेलं असतं. मग महिन्या-दोन महिन्यांत खांदा तक्रार करू लागतो आणि हलक्या हेडचा शोध सुरू होतो. या शोधात पहिला प्रश्न सहसा ‘किती ग्रॅमचं?’ असा असतो. तो चुकीचा नाही, पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: या हेडने कोणती कामं केली नाहीत तरी चालेल? हेड दोन प्रकारे हलकं होतं. एक, त्याची नको असलेली कामं काढून टाकून. दुसरं, हवी असलेली कामं करणारा धातू पातळ करून. पहिल्या प्रकारचं हेड वर्षानुवर्षं सुख देतं. दुसऱ्या प्रकारचं दुकानातल्या काट्यावरच काय ते चांगलं वाटतं.

साठपट मोठं, म्हणजे थरथरही साठपट

निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतक्या बारीक कोनातला फरक ओळखतो. स्कोप 60 पटीवर लावला की समोरचा प्रत्येक कोन 60 पटींनी मोठा दिसतो. त्यामुळे स्कोप एक विकला, म्हणजे अंशाचा 3,600वा भाग, इतका जरी हलला तरी ती हालचाल डोळ्याला जाणवण्याच्या उंबरठ्यावर येते. स्कोपचं पुढचं टोक हेडपासून 20 सेंटिमीटरवर आहे असं धरा. ते फक्त एका मायक्रॉनने, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने, वर-खाली झालं तरी एक विकला पूर्ण होते. खाडीवरचा वारा, बाजूने गेलेल्या माणसाची पावलं, आयपीसला टेकलेली भुवई यांपैकी कशानेही याहून कितीतरी जास्त हालचाल होते. हेड ती पूर्ण थांबवू शकत नाही. ती लहान ठेवणं आणि लवकर शमवणं, हे मात्र त्याच्याच हातात असतं.

दुसरी अडचण दृष्टिक्षेत्राची. 20 ते 60 पटींच्या नेहमीच्या झूम स्कोपमधून 60 पटीवर 1,000 मीटरवरचा जेमतेम 20 मीटरांचा पट्टा दिसतो. 500 मीटरवर तो 10 मीटर होतो. सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारा सुरय हा पट्टा एका सेकंदात ओलांडतो. म्हणजे हेडला दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी जमल्या पाहिजेत. सोडलं की जागच्या जागी थांबायचं, आणि बोटाने ढकललं की विनातक्रार हलायचं.

तिसऱ्या अक्षाची गरज नाही

कॅमेऱ्याचं चित्र चौकोनी असतं. क्षितिज तिरकं दिसलं की फोटो बिघडतो, कधी कॅमेरा उभा धरावा लागतो. म्हणून कॅमेऱ्याच्या हेडला तीन हालचाली लागतात: डावी-उजवी, वर-खाली आणि कुशीवर वळणं. स्कोपमधलं चित्र गोल असतं. नळी थोडी कुशीवर कलली तरी पाहणाऱ्याचं फारसं बिघडत नाही. पक्षी शोधायला डावं-उजवं आणि वर-खाली एवढंच पुरतं. ज्याला तीन हँडलं असतात त्या थ्री-वे हेडमधलं एक हँडल, एक सांधा आणि त्यांच्याबरोबरचे दोन-तीनशे ग्रॅम स्कोपवाल्याला निव्वळ ओझं आहे. सोडायचंच तर आधी हे सोडावं.

बॉल हेडचं प्रकरण वेगळं आहे. वजनाच्या तुलनेत ते सगळ्यांत मजबूत. 300-400 ग्रॅमचं बॉल हेड घट्ट आवळलं की चांगलं स्थिर राहतं. पण त्यात एकच गुंडी ढिली केली की सगळ्या दिशा एकदम मोकळ्या होतात. स्कोपचं वजन गोळ्याच्या वर असल्यामुळे तो कुठल्या तरी बाजूला कलंडायलाच बघतो. एका हाताने स्कोप सावरायचा, दुसऱ्याने गुंडी आवळायची, आणि आवळताना चित्र थोडं सरकायचं. एकाच घरट्यावर तासभर नजर ठेवायची असेल तर हे चालतं. किनाऱ्याने पळणारा थवा मोजायचा असेल तर नाही.

गिंबल हेड मोठ्या, जड टेलिफोटो लेन्ससाठी असतं. त्यात लेन्स आपल्या गुरुत्वमध्याभोवती झुलते, त्यामुळे फिरवणं फार सुखाचं होतं. पण ते स्वतःच किलोभर किंवा त्याहून जड असू शकतं, आणि हलक्या सामानाच्या चर्चेत त्याला जागा नाही. पिस्तुलासारखी मूठ असलेलं हेड एका हाताने चालतं, पण आतून ते बॉल हेडच. त्याची उंची स्कोपला ट्रायपॉडपासून आणखी वर नेते, आणि वर गेलेलं वजन जास्त डुलतं.

उरलं ते टू-वे फ्लुइड हेड, म्हणजे व्हिडिओसाठी बनवलेलं. त्यात दोन अक्ष आणि एक हँडल असतं. जगभरचे पक्षीनिरीक्षक स्कोपखाली बहुधा हेच लावतात.

फ्लुइड म्हणजे नेमकं काय

दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर सरकवायचे तर सुरुवातीला जास्त जोर लागतो आणि सरकायला लागल्यावर कमी. स्थिर घर्षण हे गतिमान घर्षणापेक्षा मोठं असतं. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण ओढताना हे कळतं: आधी तो जागचा हलत नाही, आणि सुटला की एकदम हातभर बाहेर येतो. साध्या घर्षणावर चालणारं हेड असंच वागतं. पक्षी चित्राच्या कडेला गेला म्हणून अर्धा अंश सरकवायला जावं, तर हेड आधी अडतं, हँडल किंचित वाकतं आणि मग दोन अंश उडी मारतं. 60 पटीवर सबंध दृष्टिक्षेत्रच सव्वा अंशाहून कमी असतं. पक्षी गेलाच.

फ्लुइड हेडमध्ये फिरणाऱ्या भागांच्या मधे घट्ट, चिकट ग्रीस किंवा द्रव असतो. चिकट द्रवाचा विरोध वेगाबरोबर वाढतो. हळू फिरवलं तर कमी, झटका दिला तर जास्त, आणि वेग शून्य असताना जवळपास शून्य. त्यामुळे अगदी हलक्या दाबानेही हालचाल सुरू होते आणि हाताची थरथर मात्र त्या द्रवातच जिरते. सिनेमाच्या कॅमेऱ्यांसाठी ही रचना ऑस्ट्रेलियातल्या मिलर कंपनीने 1940च्या दशकात पुढे आणली. आज बाजारात ‘फ्लुइड’ म्हणून मिळणाऱ्या लहान हेडांपैकी बऱ्याचशांत सीलबंद द्रवाचे कप्पे नसतात. ग्रीस लावलेल्या चकत्या असतात. स्कोपसाठी तेवढं पुरतं, पण चकत्या रुंद आणि नीट घासलेल्या असाव्यात. हलक्या हेडमध्ये उत्पादक काटकसर करतो ती बरेचदा इथेच.

ग्रीसची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. वेग शून्य असताना द्रव विरोध करत नाही, म्हणजे असमतोल स्कोपला तो धरूनही ठेवू शकत नाही. हात काढला की स्कोप सावकाश नाक खाली घालतो. म्हणून फ्लुइड हेडवर तोल साधणं आलंच.

तोलाचं गणित

1.5 किलोचा स्कोप घ्या. त्याचा गुरुत्वमध्य हेडच्या वर-खाली होणाऱ्या अक्षापासून 8 सेंटिमीटर उंच आहे असं समजा. स्कोप 30 अंश वर कलवला तर त्याला आणखी मागे पाडू पाहणारा बलाघूर्ण 1.5 × 8 × ½, म्हणजे 6 किलोग्रॅम-सेंटिमीटर होतो. 20 सेंटिमीटर लांब हँडलच्या टोकाला तो सुमारे 300 ग्रॅमचा भार वाटतो. एक-दोन मिनिटं ठीक, अर्ध्या तासाने मनगट भरून येतं. तोच स्कोप फक्त 5 अंश कलवला तर भार 50 ग्रॅमच्या आसपास उतरतो, म्हणजे न जाणवण्याइतका.

हेड निवडायला यातून फार उपयोगाचा धडा मिळतो. खाडी, समुद्रकिनारा, धरणाचा फुगवटा इथे स्कोप जवळजवळ आडवाच राहतो. अशा ठिकाणी हेडमध्ये भार तोलणारी स्प्रिंग नसली तरी बिघडत नाही. ती सोडली की वजन आणि किंमत दोन्ही उतरतात. उलट अंजनेरीच्या कड्यांवरची गिधाडं पाहायची असतील, किंवा हिवाळ्यात स्पितीतल्या किब्बरला जाऊन समोरच्या उतारावर हिमबिबट्या शोधायचा असेल, तर स्कोप दिवसभर वर किंवा खाली कललेला राहणार. तिथे स्प्रिंग असलेलं थोडं जड हेड परवडतं. मात्र ती स्प्रिंग आपल्या स्कोपच्या वजनाला जुळणारी हवी. जड कॅमेऱ्यासाठी बसवलेली स्प्रिंग हलक्या स्कोपला उलट सरळ करू पाहते, आणि मग आपण स्कोपशी नाही तर स्प्रिंगशी झुंजत बसतो.

पुढे-मागे तोल साधण्याचं काम सरकत्या प्लेटचं आहे. स्कोपचा पाय नेमका गुरुत्वमध्याखाली असतोच असं नाही, आणि झूम आयपीस किंवा मोबाइल लावायचा अडॅप्टर बसवला की मागची बाजू आणखी जड होते. लांबट प्लेट असली तर स्कोप पुढे-मागे सरकवून तोल मिळवता येतो. अशी प्लेट स्वतः 50-100 ग्रॅम खाते, पण तेवढ्यात स्प्रिंगचं निम्मं काम होऊन जातं.

आकडे वाचताना

बाजारात काय मिळतं याचा अंदाज यावा म्हणून तीन उदाहरणं. सिरुईचं व्हीए-5 सुमारे 400 ग्रॅमचं आहे आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार 3 किलो पेलतं. गिट्झोचं जीएचएफ2डब्ल्यू सुमारे 600 ग्रॅम, भार 4 किलो. मॅनफ्रोटोचं एमव्हीएच500एएच सुमारे 900 ग्रॅम, भार 5 किलो. तिन्ही टू-वे आहेत.

ही भारक्षमता तशीच्या तशी घेऊ नये. प्रत्येक कंपनी ती आपल्या पद्धतीने ठरवते, आणि ‘5 किलो पेलतं’ याचा अर्थ कित्येकदा तेवढं वजन ठेवल्यावर हेड घसरत नाही एवढाच असतो. चित्र किती थरथरतं ते त्या आकड्यात नसतं. शिवाय स्कोप लांब असतो. दीड किलोचा आखूड कॅमेरा आणि दीड किलोचा 35 सेंटिमीटर लांब स्कोप यांत वाऱ्याला सापडणारा आणि झुलणारा अर्थातच स्कोप. म्हणून स्कोपच्या वजनाच्या निदान दुप्पट भार सांगितलेलं हेड घ्यावं, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे.

त्या हिशेबाने पुढच्या भिंगाचा व्यास 50 मिलिमीटर असलेल्या लहान स्कोपला 300-400 ग्रॅमचं हेड पुरतं. 65 मिलिमीटरच्या स्कोपचं वजन आयपीससह एक ते दीड किलोच्या घरात असतं. त्याला 400 ते 600 ग्रॅमचं हेड हवं. 80-85 मिलिमीटरचा स्कोप 2 किलोंच्या आसपास जातो, आणि तिथे 600 ग्रॅमच्या खाली उतरण्याचा मोह टाळावा. 95 मिलिमीटरवाल्याने हलक्या हेडचा विचार सोडलेलाच बरा.

हेडच्या खाली काय आहे

डगमगत्या पायांवर उत्तम हेड वाया जातं. पातळ नळीची वाकण्याला विरोध करण्याची ताकद साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास 10 टक्क्यांनी कमी केला तर ही ताकद 27 टक्क्यांनी घटते. त्यामुळे पाच घड्यांचा, करंगळीएवढ्या शेवटच्या नळ्यांचा प्रवासी ट्रायपॉड पूर्ण उघडला की त्यावरचं कुठलंही हेड सारखंच थरथरतं. मधला खांब वर काढला की तीच गत होते.

इथे आयपीसचा कोन मदतीला येतो. 45 अंशांत वळलेल्या आयपीसमध्ये मान थोडी झुकवून बघायचं असतं. त्यामुळे सरळ स्कोपपेक्षा ट्रायपॉड साधारण वीतभर बुटका चालतो, शेवटची बारीक नळी उघडावी लागत नाही आणि उंच-बुटकी चार माणसं एकाच उंचीवर आळीपाळीने पाहू शकतात. तोच ट्रायपॉड फुकटात ताठ होतो.

टू-वे हेडने काठाकाठाने पक्षी मोजायचे तर ट्रायपॉडचा माथा समतल हवा. नाही तर फिरवता फिरवता चित्र पाण्यावरून आभाळात जातं. टू-वे हेडवर पायांची लांबी कमी-जास्त करून पातळी साधावी लागते. म्हणून हेडच्या बैठकीत छोटी गोल लेव्हल असलेली बरी. तिला वजन जवळपास नाहीच.

प्लेटबद्दल थोडक्यात. आर्का-स्विस पद्धतीची, तिरप्या कडांची प्लेट आता सर्वांत जास्त चालते, आणि बऱ्याच नव्या स्कोपचे पायच त्या आकाराचे असतात. तसं असेल तर प्लेट न लावता पाय सरळ हेडमध्ये बसतो. एक सांधा, एक स्क्रू आणि काही ग्रॅम कमी होतात. वेगळी प्लेट लावावी लागली तर स्कोप फिरू नये म्हणून छोटी पिन असलेली घ्यावी. स्कोपच्या पायाला पाव इंची स्क्रू लागतो, तर ट्रायपॉड आणि हेड यांच्यात बहुधा 3/8 इंची. दोन्ही निघण्याआधी तपासावेत, कारण स्कोप लावलेला ट्रायपॉड खांद्यावर टाकून चालताना सगळे हिसके याच स्क्रूंवर बसतात.

दुकानात काय करून पाहायचं

स्वतःचा स्कोप घेऊनच दुकानात जावं. तो लावून रस्त्यापलीकडची पाटी 60 पटीवर बघावी आणि चार गोष्टी करून पाहाव्यात. हँडलने पाटीतल्या एका अक्षरावर नेऊन हात काढला तर अक्षर जागेवर राहतं की परत सरकतं? वर-खाली हालचालीची गुंडी (टिल्ट) आवळताना चित्र किती उडी मारतं? फक्त एका अक्षराइतकं सरकवायचं ठरवलं तर तेवढंच सरकतं का? आणि नळीवर हलकी टिचकी मारली तर चित्र शांत व्हायला किती वेळ लागतो? पहिल्या तीन कसोट्यांत नापास झालेलं हेड कितीही हलकं असलं तरी परत द्यावं. चौथीत नापास झालं तर दोष हेडचा की पायांचा, हे मधला खांब खाली करून आणि पाय आखूड करून पाहावं.

हँडल काढता येतं का, तेही पाहावं. लांब हँडलने बारीक हालचाल सोपी होते, पण पिशवीत तेच अडतं. आणि कुठे जाणार याचा विचार करावा. किब्बरला, 4,200 मीटरच्या वर, पहाटेच्या थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि एरवी लोण्यासारखं फिरणारं हेड हट्टी होतं. तिथे विरोध कमी-जास्त करण्याची सोय कामाला येते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर शत्रू वेगळा. वाळूचा कण ग्रीसमध्ये गेला की प्रत्येक फेरीत चकत्या घासल्या जातात आणि खारट हवा स्क्रू गंजवते. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसणं एवढीच याची निगा. हेड वाहत्या नळाखाली धरू नये, नाही तर पाणी आणि वाळू दोन्ही आत जातात.

वजन खरं कुठे आहे

एवढं करूनही ओझं जड वाटत असेल तर हेडमधून आणखी 200 ग्रॅम पिळून काढण्याआधी स्कोपकडे बघावं. 85 मिलिमीटरऐवजी 65 मिलिमीटरचा स्कोप घेतला तर तिथेच साधारण अर्धा किलो कमी होतो. हलक्या स्कोपला हलकं हेड चालतं, हलक्या हेडला हलके पाय. सगळं मिळून एक किलोहून जास्त वजन उतरतं, आणि त्यासाठी कुठलाच सांधा पातळ करावा लागत नाही. देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा 7 किलोंची असते, हे लक्षात घेतलं तर हा किलो मोठा आहे.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. 85 मिलिमीटरचं भिंग 65च्या तुलनेत सुमारे 70 टक्के जास्त प्रकाश गोळा करतं, आणि तिन्हीसांजेला तो फरक नक्की दिसतो. पण आपल्याकडच्या हिवाळ्यात गणना भर उजेडात होते. ऊन चढलं की चिखलावरची हवा उकळल्यासारखी हलू लागते आणि 30-40 पटींच्या पुढे कुठलाही स्कोप नुसती लाटांची नक्षी दाखवतो. 30 पटीवर 65 मिलिमीटरच्या स्कोपमधून जवळपास सव्वादोन मिलिमीटरांची प्रकाशशलाका बाहेर पडते. उन्हात आपली बाहुली आकसून साधारण तेवढीच होते. म्हणजे ज्या वेळेला आणि ज्या जागी महाराष्ट्रातला बहुतेक पक्षीनिरीक्षक स्कोप लावतो, तिथे मोठ्या भिंगाचा फायदा फारसा वापरलाच जात नाही. तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी आपल्या जागेला पुरेसा लहान स्कोप, मग त्याच्या दुप्पट भाराचं, दोनच अक्षांचं हेड, आणि शेवटी त्या दोघांना पेलणारे पाय. या क्रमाने गेलेल्याला वजनाची चिंता वेगळी करावी लागत नाही.